जमीन वाजवून पाहणाऱ्यांची शाळा

ज्वारी काढून मोकळं झालेलं रान. एका रेषेत, सारख्या अंतरावर ठोकलेल्या चार लोखंडी सळया. बाहेरच्या दोन सळयांमधून बॅटरीचा प्रवाह जमिनीत जातो आणि आतल्या दोन सळयांमध्ये किती विद्युतदाब आला ते मधली पेटी दाखवते. एक मुलगी आकडे मोठ्यानं वाचते, एक मुलगा ते वहीत लिहितो. उरलेले दोघं पुढच्या खुणेवर सळई ठोकतात आणि माती फार कोरडी असेल तर तिच्या बुडाशी मिठाचं पाणी ओततात, म्हणजे सळई आणि जमीन यांची गाठ नीट पडते. बांधावर बसलेले शेतमालक दोन तास हे सगळं शांतपणे बघतात आणि शेवटी एवढंच विचारतात, ‘‘पाणी किती फुटांवर लागंल, तेवढं सांगा.’’

चौघं एकमेकांकडे बघतात. भूभौतिकीच्या एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात असलेल्या या मुलांची अडचण वेगळीच आहे. त्यांच्यापाशी एकाहून जास्त उत्तरं आहेत आणि त्यातलं प्रत्येक उत्तर वहीतल्या आकड्यांशी जुळतं.

या विषयाच्या पदव्युत्तर शिक्षणात नेमकं काय शिकवतात, असं पालक मला विचारतात तेव्हा मी त्यांना हाच प्रसंग सांगतो. बारावीनंतर इंजिनिअरिंग म्हणजे काय ते घरोघरी ठाऊक असतं, डॉक्टरकी म्हणजे काय तेही. पण भूभौतिकी म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर फक्त भूकंप येतो. भूकंप त्यात आहेच, पण त्या विद्येचा आवाका पुष्कळ मोठा आहे. म्हणून तिची दोन वर्षं कशी जातात ते जरा सावकाश सांगतो.

कुंभाराकडून माठ घेताना आपण त्याला टिचकी मारतो. आवाज खणखणीत आला तर माठ चांगला, बद्द आला तर कुठंतरी तडा आहे. तडा डोळ्यांना दिसत नाही, तो कानाला कळतो. भूशास्त्राचा माणूस दगड फोडून बघतो. भूभौतिकीचा माणूस जमिनीला टिचकी मारतो. कधी लाट पाठवून, कधी वीज पाठवून. कधी काहीच न पाठवता पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण आणि चुंबकत्व जागोजाग मोजत तो नुसता ऐकत बसतो. माणसानं आजवर जमिनीत खणलेलं सगळ्यात खोल भोक, रशियातल्या कोला द्वीपकल्पावरचं, १२ किलोमीटरच्या थोडंसं पुढं गेलं. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. म्हणजे आपल्याला पृथ्वीच्या पोटातलं जे काही ठाऊक आहे ते बहुतेक सगळं टिचकी मारूनच कळलेलं आहे.

या शाळेत मुलं दोन दरवाजांनी येतात. काहींनी बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र आणि गणित घेतलेलं असतं, काहींनी भूशास्त्र. आयआयटीमध्ये जायचं तर जॅम ही परीक्षा द्यावी लागते. ती दरवर्षी फेब्रुवारीत होते : तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. तिचे सात वेगवेगळे पेपर असतात, त्यात भूशास्त्र आहे, भौतिकशास्त्र आहे, गणितही आहे. कुठल्या अभ्यासक्रमाला कुठला पेपर चालतो ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच बघावं. ऐकीव माहितीवर विसंबून वर्ष गमावलेली मुलं मी पाहिली आहेत. आपल्याकडे मुंबई आयआयटीच्या भूविज्ञान विभागात उपयोजित भूशास्त्र आणि उपयोजित भूभौतिकी असे दोन्ही एम.एस्सी. अभ्यासक्रम आहेत. खरगपूर, रुरकी आणि १९२६ साली खाणशास्त्राची शाळा म्हणून सुरू झालेलं धनबाद ही याच विषयाची जुनी ठिकाणं. आयआयटीच्या बाहेर बनारस हिंदू विद्यापीठ, हैदराबादचं उस्मानिया आणि विशाखापट्टणचं आंध्र विद्यापीठ यांची परंपरा मोठी आहे. पुणे, नागपूर आणि गोवा विद्यापीठांत भूशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं, तिथून एम.एस्सी. होऊन पुढं पीएच.डी.ला भूभौतिकीकडे वळणारेही असतात.

मला विचाराल तर कुठल्या दरवाजानं आलात याला फारसं महत्त्व नाही. पहिल्या सत्रात दोघांचीही झोप उडते, फक्त कारणं वेगळी.

भौतिकशास्त्राच्या मुलाला दगड म्हणजे दगड वाटतो. त्याच्या हातात भिंग आणि हातोडा येतो. दगडाची ०.०३ मिलिमीटर जाडीची चकती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की तिच्यातून उजेड आरपार येतो आणि काळाकुट्ट बेसॉल्ट रंगीत काचांच्या नक्षीसारखा दिसायला लागतो. इथं बहुतेकांचा विरोध मावळतो. मग सह्याद्रीचा घाट. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग दख्खनच्या लाव्हानं झाकलेला आहे, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी हे थर एकावर एक पसरत गेले आणि आज त्यांचं क्षेत्र पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास उरलं आहे. घाटातून समोरच्या डोंगराकडे बघितलं की पायऱ्या दिसतात. ‘डेक्कन ट्रॅप’ मधला ‘ट्रॅप’ हा शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरीवरूनच आला आहे.

या पायऱ्यांची घडण एकदा डोक्यात बसली की पुढं जन्मभर उपयोगी पडते. लाव्हाचा थर निवताना त्याच्या अंगातले वायू वर येतात, म्हणून थराचा माथा बुडबुड्यांनी भरलेला, ठिसूळ. विहीर खणणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. त्याच थराचं पोट घट्ट, काळा पाषाण, सुरुंगाशिवाय न हलणारा. एका थरानंतर दुसरा येईपर्यंत मधे काळ गेला असेल तर जुन्या थराच्या माथ्यावर तांबड्या, चिकणमातीसारख्या मऊ मातीचा पट्टा सापडतो. मुंबई-पुणे रस्त्यानं जाताना कापलेल्या डोंगरात हा तांबडा पट्टा अनेकांनी पाहिलेला असतो. हा पट्टा लक्षात ठेवा. त्या ज्वारीच्या रानात आपल्याला त्याची गरज पडणार आहे.

भूशास्त्राकडून आलेल्या मुलाला हे सगळं पाठ असतं. त्याची परीक्षा गणिताच्या तासाला होते. तंबोरा छेडला की एक नाद ऐकू येतो, पण जाणता कान त्यातले वेगवेगळे स्वर सुटे करून सांगतो. फूरिये यांचं गणित नेमकं हेच काम आकड्यांवर करतं : भूकंपमापकावरची वेडीवाकडी रेघ कुठकुठल्या कंपनांची मिळून झाली आहे ते वेगळं काढून दाखवतं. रेघेतला समुद्राच्या लाटांचा गुंजारव कुठला, रस्त्यावरच्या ट्रकची थरथर कुठली आणि खरा भूकंप कुठला, हे मग चाळणीनं चाळल्यासारखं निवडता येतं. आता हे सगळं संगणकावर पायथनमध्ये होतं आणि जगभरच्या भूकंपकेंद्रांच्या नोंदी कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. सांगली-साताऱ्यातल्या मुलीला चिलीतल्या भूकंपावर काम करायला आज परवानगीचं पत्र लागत नाही, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

भूकंपशास्त्राची सुरुवात मी एका हिशोबानं करतो. भूकंप झाला की खडकातून दोन प्रकारच्या लाटा निघतात. पहिली दाबत-ढकलत जाते, ती पी. दुसरी खडकाला आडवी हलवत जाते, ती एस. वरच्या कवचात पी सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर धावते, एस सुमारे साडेतीन. दोघी एकाच क्षणी निघतात, पण अंतर जितकं जास्त तितकी एस मागं पडत जाते. दोन्ही लाटांमध्ये किती सेकंद गेले ते मोजायचं आणि साधारण आठानं गुणायचं; भूकंप किती किलोमीटरवर झाला ते मिळतं. कोयनेला धक्का बसला आणि पुण्यातल्या यंत्रावर दोन लाटांमध्ये १५ सेकंद दिसले, तर अंतर १२० किलोमीटरच्या घरात. दिशा मात्र कळत नाही. म्हणून तीन ठिकाणांहून तीन वर्तुळं काढायची. ती जिथं एकमेकांना भेटतील तिथं भूकंपाचं केंद्र. कंपास आणि नकाशा घेऊन हे हातानं केल्याशिवाय मी मुलांना संगणकाला हात लावू देत नाही. हातानं केलं की वर्तुळं एका बिंदूत कधीच भेटत नाहीत, त्यांचा एक छोटा त्रिकोण उरतो, हे दिसतं. तो त्रिकोण म्हणजे आपल्या अज्ञानाचं क्षेत्रफळ. संगणक एक ठिपका देतो आणि तो त्रिकोण नजरेआड होतो.

या विषयात कोयनेचं नाव जगभरच्या वर्गांत घेतलं जातं. १९६२ पासून धरणात पाणी साठायला लागलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. जलाशयामुळं उद्भवलेल्या भूकंपांपैकी हा सगळ्यात मोठा मानला जातो. यामागची यंत्रणा समजून घ्यायला थोडा धीर लागतो. कातळात आधीपासून भेगा असतात आणि भेगेच्या दोन बाजू एकमेकींवर दाबून धरलेल्या असतात. त्या घर्षणामुळंच त्या सरकत नाहीत. भेगेतल्या पाण्याचा दाब वाढला की तो दोन्ही बाजूंना किंचित अलग रेटतो आणि घर्षण कमी होतं. भेगेवर पूर्वीपासूनच ताण असेल आणि ती घसरण्याच्या बेतात असेल, तर एवढ्यानंही ती घसरते. ताण पाण्यानं निर्माण केलेला नसतो, तो पृथ्वीचा असतो. पाणी फक्त वेळ ठरवतं. कोयनेचं वेगळेपण असं की हे एकदाच होऊन थांबलं नाही. लहान-मोठे धक्के दशकानुदशकं येतच आहेत आणि तेही एका छोट्या पट्ट्यात, फार खोल नसलेल्या कातळात. त्यामुळं भूकंपाच्या अगदी जवळ जाऊन बसण्याची अशी संधी पृथ्वीवर फार थोड्या ठिकाणी मिळते. म्हणूनच तिथं संशोधनासाठी तीन किलोमीटर खोलीचं भोक पाडलं गेलं आणि त्या कामासाठी कराडला भूवेध प्रयोगशाळा उभी राहिली. वेधनात सुमारे सव्वा किलोमीटर लाव्हाचे थर ओलांडल्यावर ग्रॅनाइटच्या जातीचा जुना कातळ लागला.

याच्या शेजारी किल्लारी ठेवली की मुलांना दख्खन कळायला लागतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाच्या त्या पहाटेनंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीतही वेधन केलं. तिथं लाव्हाची जाडी ३४० मीटरच्या आत भरली. लाव्हाची चादर तीच, पण एका ठिकाणी तिची जाडी दुसऱ्या ठिकाणच्या जवळपास पावपट. वरून बघणाऱ्याला दोन्हीकडे काळी जमीनच दिसते.

माणसानं मुद्दाम पाठवलेल्या लाटांचं शास्त्र भूकंपाच्या शास्त्रापेक्षा वेगळं नाही. शेतात पोलादी पत्र्यावर घण मारायचा आणि जमिनीत रोवलेल्या चोवीस जिओफोनना तो कधी ऐकू आला ते बघायचं. सैल मातीतून लाट सेकंदाला काहीशे मीटर जाते, अभंग बेसॉल्टमधून पाच हजारांवर. समुद्रात हेच काम जहाज करतं. १९६४ साली एका सोव्हिएत जहाजानं मुंबईपुढच्या समुद्रात अशाच लाटा पाठवून तळाखालची एक मोठी घुमटी टिपली आणि १९७४ मध्ये सागर सम्राट या वेधनमंचानं तिथं भोक पाडल्यावर तेल लागलं. तेच बॉम्बे हाय.

गुरुत्वाकर्षणाचा विषय मुलांना सुरुवातीला नीरस वाटतो. ९.८ हा आकडा शाळेपासून पाठ, त्यात मोजायचं काय? मग मी त्यांना महासर्वेक्षक एव्हरेस्ट यांच्या काळातली गोष्ट सांगतो. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात मध्य भारतातलं कल्याणपूर आणि उत्तरेला हिमालयाकडचं कलियाना या दोन ठाण्यांमधलं अंतर दोन रीतींनी काढलं होतं : जमिनीवर त्रिकोण मांडत आणि ताऱ्यांवरून अक्षांश मोजत. दोन उत्तरांत ५.२ विकलांचा फरक आला, जमिनीवर सुमारे १६० मीटर. कुणीही चुकलं म्हणून सोडून दिलं असतं इतका थोडा. पण कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांनी विचार केला की ताऱ्यांचा वेध घेताना ओळंबा लागतो, आणि हिमालयाचं प्रचंड वस्तुमान ओळंब्याला स्वतःकडे ओढत असणार. त्यांनी हिमालयाची ओढ हातानं गणित करून काढली. उत्तर आलं जवळजवळ १६ विकला, प्रत्यक्षातल्या फरकाच्या तिप्पट! हिमालय दिसतो तेवढा ओढत नव्हता. १८५५ मध्ये जॉर्ज एअरी यांनी सुचवलं की पर्वताच्या खाली हलक्या खडकाचं मूळ खोलवर गेलेलं असावं. बर्फाचा डोंगर जसा पाण्यात बहुतेक बुडून तरंगतो तसे पर्वत तरंगतात. प्रॅट यांचं स्वतःचं स्पष्टीकरण वेगळं होतं : मूळ सगळीकडे सारख्याच खोलीवर, पण उंच भागाखालचा खडक कमी घनतेचा. आकडे तेच आणि स्पष्टीकरणं दोन. या विद्येचा स्वभाव तिच्या बाळपणातच असा दिसला.

आजचा ग्रॅव्हिमीटर गुरुत्वाकर्षणातला दहा कोटींतला एक भाग सहज ओळखतो. इतक्या नाजूक मोजमापाची किंमत मात्र पायांनी मोजावी लागते. यंत्र एक मीटर वर उचललं तरी आकडा ०.३ मिलिगॅलनं घटतो, म्हणून प्रत्येक जागेची उंची सेंटिमीटरपर्यंत ठाऊक हवी. यंत्रातली स्प्रिंग दिवसभरात किंचित ताणत जाते, म्हणून दर दोन-तीन तासांनी पहिल्या जागी परत यायचं. चंद्र-सूर्याच्या ओढीनं भरती-ओहोटी फक्त समुद्राला येत नाही, यंत्रातल्या आकड्यालाही येते, तीही वजा करायची. दिवसभराच्या कामानंतर जे उरतं त्यात कुठं घट्ट खडक आहे आणि कुठं हलका, याची खूण असते. मुलं पहिल्यांदा हे करतात तेव्हा वजाबाक्या करता करता कंटाळतात. पण मोजलेल्या आकड्यात आपल्याला हवं ते किती थोडं असतं आणि बाकीचं किती जास्त, हे समजायला माझ्या मते याहून चांगला वर्ग नाही.

चुंबकत्वासाठी आपल्याला लांब जावं लागत नाही. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून आलेल्या प्रचंड चुंबकीय वादळाची कुलाब्यात झालेली नोंद आजचे शास्त्रज्ञ त्या वादळाची ताकद मापायला वापरतात. पुढं मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असं ठरलं तेव्हा त्यांच्या प्रवाहानं सुया हलतील, म्हणून १९०४ मध्ये चुंबकीय वेधशाळा अलिबागला उभारली गेली. जुन्या आणि नव्या जागेच्या नोंदी जुळाव्यात म्हणून दोन्हीकडे दोन वर्षं एकाच वेळी मोजमाप चालू ठेवलं होतं. एवढ्या लांब पल्ल्याची अखंड चुंबकीय नोंद जगात मोजक्याच ठिकाणी आहे. विद्यार्थ्यांना अलिबागला नेलं की ते आधी समुद्र बघतात, मग त्या दोन वर्षांबद्दल ऐकून गप्प होतात. लाव्हाच्या दगडालाही चुंबकीय स्मृती असते, तो निवताना पृथ्वीचं चुंबकत्व जसं असेल तसं त्यात गोठतं. सह्याद्रीतल्या दगडांच्या या स्मृतीवरूनच १९५० च्या दशकात दिसून आलं की हा लाव्हा निवला तेव्हा आपला भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता.

आता या सगळ्याच्या गाभ्याशी येतो. चार आणि सहा यांची बेरीज किती, असं विचारलं तर उत्तर एकच : दहा. पण दोन संख्यांची बेरीज दहा आहे, त्या संख्या कोणत्या, असं विचारलं तर? चार-सहा, तीन-सात, साडेनऊ आणि अर्धा, सगळंच बरोबर. जमिनीत काय आहे ते ठाऊक असेल तर वरती काय मोजलं जाईल हे गणितानं ठामपणे सांगता येतं. उलटं गणित, म्हणजे वर मोजलेल्यावरून खालचं सांगणं, ज्याला आमच्याकडे इन्व्हर्जन म्हणतात, ते बेरजेवरून संख्या शोधण्यासारखं आहे. म्हणून आणखी एखादी अट घालावी लागते. ‘दोन्ही संख्या शक्य तितक्या जवळच्या असाव्यात’ अशी अट घातली तर उत्तर पाच-पाच येईल, आणि ते सुबकही दिसेल. पण ते जमिनीनं दिलेलं नाही, आपल्या अटीनं दिलेलं आहे. संगणकाच्या पडद्यावर निळ्या-तांबड्या रंगांत जमिनीचा जो सुंदर काप उमटतो, त्यातलं किती मोजलेलं आहे आणि किती घातलेल्या अटीतून आलं आहे, हे सांगता येणं म्हणजे एम.एस्सी. झाली असं मी समजतो.

दुसऱ्या वर्षी प्रबंध असतो. विषय कोणताही असो, एक ऋतू तरी मुलं घराबाहेर असतात : कुणी हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेत, कुणी पनवेलच्या भूचुंबकत्व संस्थेत, कुणी तेल कंपनीत, कुणी एखाद्या गावात पाण्याच्या कामावर. याच काळात पुढच्या परीक्षांची टांगती तलवारही असते. यूपीएससीची भूवैज्ञानिकांची परीक्षा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळाकडे नेते. भूवैज्ञानिक सर्वेक्षण तर १८५१ पासूनचं. गेटला भूशास्त्र आणि भूभौतिकीचा एकत्र पेपर असतो, त्यात एक भाग समान आणि पुढं आपापला विषय निवडायचा; त्या गुणांवर पीएच.डी.चे प्रवेश होतात आणि सरकारी कंपन्याही अनेकदा तेच गुण बघतात. नेटमधून शिष्यवृत्ती मिळाली की देशात संशोधन करता येतं. परदेशी, विशेषतः अमेरिकेत, पीएच.डी.च्या विद्यार्थ्याची फी बहुधा विद्यापीठ भरतं आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल मानधन देतं, ही गोष्ट कर्जाच्या धास्तीनं मागं राहणाऱ्या घरांना कळलेलीच नसते. तेलाच्या नोकऱ्या बाजारभावाबरोबर वर-खाली होतात. भूजलाचं काम मात्र कधी संपलेलं मी पाहिलं नाही.

म्हणून परत त्या ज्वारीच्या रानात.

सळयांमधलं अंतर १० मीटर असताना १०० मिलिअँपियर प्रवाह सोडला आणि ८० मिलिव्होल्ट आले, म्हणजे रोध ०.८ ओहम. त्याला दोन गुणिले पाय गुणिले १० मीटर यांनी गुणलं की जमिनीची रोधकता ५० ओहम-मीटर. सळया एकमेकींपासून जितक्या लांब तितका प्रवाह खोल शिरतो, म्हणून अंतर वाढवत वाढवत मोजत गेलं की खोलीनुसार बदलणारी एक रेघ मिळते. कोरडा काळा पाषाण शेकड्यांनी ओहम-मीटर दाखवतो. पाण्यानं भिजलेला, झिजलेला मांजऱ्या वीस-तीसच्या आसपास उतरतो. चिकणमाती त्याहूनही खाली. मुलांच्या रेघेत मधोमध एक स्पष्ट खळगा आहे. खाली विजेला वाट देणारा एक थर आहे, आणि त्याच्या वर-खाली कठीण कातळ. यावर कुणाचं दुमत नाही.

मतभेद पुढं आहे. दोन कातळांमध्ये सापडलेल्या अशा पातळ थराची जाडी आणि रोधकता वरून वेगवेगळी ओळखता येत नाही. रेघेवर फक्त त्यांचा भागाकार उमटतो. थर १० मीटर जाड आणि २० ओहम-मीटरचा असेल तर भागाकार ०.५. थर ५ मीटर जाड आणि १० ओहम-मीटरचा असेल तरीही ०.५. पहिला म्हणजे पाणी धरलेला मांजऱ्या. दुसरा म्हणजे तांबड्या मातीचा पट्टा, ओला असूनही हाताला पाणी न देणारा. विजेच्या लेखी दोघं सारखेच, पण बोअरवेलसाठी कर्ज काढणाऱ्या माणसाच्या लेखी नाहीत.

पेटी आणखी महागाची आणली तरी हा गुंता सुटत नाही. तो सोडवायला मुलगी शेतमालकांना विचारते, ‘‘काका, जवळपास कुणाची जुनी विहीर आहे का?’’

शेजारच्या बांधापलीकडे आहे, आटलेली. चौघं कठड्यावर पोटावर झोपून आत टॉर्च मारतात, टेप खाली सोडतात. बारा मीटरवर भिंतीत तांबडा पट्टा दिसतो, जाडी दोन मीटर. त्याच्या खाली भोकाभोकांचा ठिसूळ दगड सुरू होतो, म्हणजे खालच्या लाव्हाचा माथा. विहीर तिथंच संपते, खणणारे पुढं गेलेलेच नाहीत. मुलगी तिथल्या तिथं वहीत लिहिते. दोन मीटर तांबडी माती, रोधकता दहा : भागाकार ०.२. एकूण ०.५ मधून ०.३ उरले. मांजऱ्याची रोधकता २० धरली तर ०.३ म्हणजे सहा मीटर. चौदा मीटरपासून वीस मीटरपर्यंत.

‘‘सेहेचाळीस फुटांपासून पासष्टपर्यंत शक्यता आहे, काका,’’ ती सांगते. ‘‘चाळीसला तांबडी माती लागेल. तिथं थांबायचं नाही. पण मांजऱ्याची रोधकता आम्ही वीस धरली आहे, ती तीस असेल तर थर नऊ मीटर निघेल आणि पाणी जरा कमी असेल. उद्या तुमच्या रानाच्या खालच्या अंगाला आणखी एक रेघ घेऊ, मग सांगते.’’

काका मान हलवतात. मुलं तार गुंडाळायला घेतात.